भांड्यांवर नावं घालणारी वैजयंता

भाईंदर पश्चिमेच्या बाजारात गुणवंतभाईंचं भांड्यांचं दुकान होतं. दुकानाच्या तोंडाशी, काचेच्या कपाटाला लागून, एक ठेंगणं स्टूल आणि एक पाट मावेल एवढ्या जागेत वैजयंता मगरे बसायची. घेतलेल्या भांड्यावर नाव घालून द्यायचं हे तिचं काम. हातात पेनासारखं विजेचं यंत्र, त्याची घरघर आणि स्टीलवर उमटत जाणारी बारीक ठिपक्यांची ओळ. आमच्या घरातल्या डब्यांवर, पेल्यांवर, माझ्या आईच्या पुरणाच्या पातेल्यावर तिचंच अक्षर होतं, आणि ते मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. भांड्यावरचं नाव कोणी घातलं, असं कोण विचारतं?

मी विचारलं ते शहाण्णव सालच्या एप्रिलमध्ये. माझं एम.ए.चं शेवटचं वर्ष होतं. बाजारातून परतताना गुणवंतभाईंनी मला हाक मारली. विहाराच्या कमिटीचे आत्मारामबाबा एकशे एक ताटांची यादी घेऊन आले होते. विहारात लग्नं होतात, कुणी वारल्यावर पुण्यानुमोदनाचे कार्यक्रम होतात, दर वेळी भांडी भाड्याने आणावी लागतात. म्हणून वस्तीतल्या घरांनी एकेक ताट दान द्यायचं ठरवलं होतं. कुणी स्वतःच्या नावाने, कुणी गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ. बुद्धपौर्णिमेला ताटं विहारात पोचायला हवी होती. बाबांची यादी मात्र पावत्यांच्या पाठी, तीन रंगांच्या शाईत, आडवीतिडवी लिहिलेली.

"तू शिकलेली आहे ना, बेन," गुणवंतभाई म्हणाले, "जरा साफ लिहून दे. नायतर ही वैजयंता कोणाच्या ताटात कोणाला बसवेल, भगवान जाणे."

वैजयंता मान वर न करता म्हणाली, "तुमचं नाव घालू का एकशे दोनाव्या ताटावर? फुकटात घालते."

मी हसले. ती हसली नाही. तिचा आवाज हळू होता, शब्दाशब्दात थोडं अंतर होतं, जणू प्रत्येक शब्द दुसऱ्या खोलीतून आणायला जावं लागत होतं.

यादी लिहायला मी तीन दुपारी दुकानात बसले आणि मग, काम संपल्यावरही, बसतच राहिले. त्या दिवसांत तिने मला जे सांगितलं ते तुकड्यातुकड्याने सांगितलं. मी ते इथे एका ओळीत लावते आहे.

वैजयंता जालन्याकडची. लग्न करून भाईंदरला आली, दोन वर्षांत नवरा सोडून गेला. मग ती मोठा भाऊ खंडू आणि वहिनी निशा यांच्याकडे राहू लागली. खंडूदादा नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होते. सायकलला लांब चावी बांधून राई, मुर्धा, गावठाण असे वॉल्व्ह फिरवत जायचे. वैजयंताचा स्वभाव, वस्तीच्या भाषेत, 'डोक्यात गेलेला' होता. सकाळी वहिनीच्या गळ्यात पडणार, दुपारी तिच्याकडे पाहणारही नाही. कुणी दहा मिनिटं उशिरा आलं तर हा माणूस आता कायमचा गेला, असं वाटून तिचा जीव जायचा आणि तो आल्यावर त्याच्यावरच ती तुटून पडायची. दोनदा तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून ती मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालते. याहून जास्त तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी या सगळ्याला एक नाव दिलं: बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी. खंडूदादांनी ते घरी आल्यावर निशावहिनींना समजावून सांगितलं होतं, "बॉर्डरवर हाय म्हणजे अजून आपल्याच देशात हाय. घाबरू नको."

तिला गोळ्या सुरू झाल्या आणि दर बुधवारी बाईंसमोर बसून बोलणं. वर्षभरात वादळ खाली बसलं. पण त्या जागी दुसरं काहीतरी येऊन राहिलं. वाचलेलं डोक्यात टिकेना. यादीवरचं नाव पाहून नजर ताटाकडे वळवेपर्यंत नाव निघून गेलेलं असायचं. चहाला आधण ठेवून ती त्याच्याकडे बघत उभी राहायची, आपण इथे कशाला आलो ते न समजून.

"पहिलं कसं होतं, ताई," ती म्हणाली, "डोक्यात सगळे एकदम बोलायचे. आता कुणीच बोलंना. मी पण न्हाई."

एकदा तिने मनानेच गोळ्या बंद केल्या होत्या. पंधरा दिवस तिला वाटलं, कुणीतरी डोळे धुऊन दिलेत. सोळाव्या दिवशी घरातली काच फुटली, आणि निशावहिनी दोन्ही पोरांना घेऊन माहेरी निघून गेल्या. त्या परत आल्या त्या एका अटीवर: गोळ्या सुटल्या की वैजयंताने घर सोडायचं.

म्हणजे गोळ्या सोडल्या तर घर जाणार. आणि गोळ्या घेऊन हात असाच चुकत राहिला तर काम जाणार, मागच्या महिन्यात तिने दोन लग्नांच्या भांड्यांची अदलाबदल केली होती आणि गुणवंतभाईंनी हात जोडून सांगितलं होतं, "बेन, एक बार और हुआ तो मुझे दूसरा आदमी देखना पडेगा." काम म्हणजे तिला नुसता पगार नव्हता. "सगळ्या दिवसात तेवढंच एक मी पुरं करते," ती म्हणाली. "नाव सुरू होतं, नाव संपतं."

डॉक्टरीणबाईंना ती हे सगळं बोलली होती. गोळ्या बंद करा, माझं अक्षर गेलं, म्हणून रडली होती. बाईंनी एक गोळी कमी केली, दुसरीची वेळ बदलली, आणि म्हणाल्या, बाकीचं एकदम बंद करता येणार नाही. आधी मला सांग, हे नक्की कधी होतं? रोज लिहून आण.

आणि वैजयंताने लिहून आणलं. माझ्या सगळ्या शिक्षणात इतकं बारीक निरीक्षण मी पाहिलेलं नाही. मुलांच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर, तासातासाचं. महिन्याभराने तिला कळलं की ही एक गोष्ट नाही, दोन आहेत.

"एक झापड हाय," तिने मला सांगितलं. "ती गोळीची. सकाळी उठल्यापासनं असते. ओल्या घोंगडीसारखी. जड, पण तिची भीती न्हाई वाटत. अकरा वाजले की आपोआप उतरायला लागते. दुसरं पांढरं हाय."

"पांढरं?"

"भर दुपारी मिठागराकडं बघितलंय कधी? उजेडच इतका की काही दिसत न्हाई. तसं. ते कधीपण येतं. एकदम. आपण हाय तिथंच असतो, हात चालू असतो, पण आपण नसतो. मी वहीत बघितलं ना मागं जाऊन, तर ते यायच्या आधी दर वेळी कुणीतरी तोंड फिरवलेलं. वहिनी नीट बोलली न्हाई. भाई फोनवर ओरडले. ते गोळीचं न्हाईच. ते भीतीचं हाय."

हे तिने ताटाच्या कडेवरचा चुरा फडक्याने पुसत सांगितलं. साहित्याच्या वर्गात आम्ही मनाच्या अवस्थांवर पानंच्या पानं लिहीत होतो. सातवी शिकलेल्या या बाईने स्वतःच्या डोक्यातली दोन धुकी वेगळी करून त्यांना वेळ आणि कारण लावून दिलं होतं. 

दोन्हींसाठी तिचे उपाय वेगवेगळे होते. झापड असेपर्यंत ती नाव घालायची नाही. ताटं पुसायची, लावायची, साधी कामं करायची. यादी वाचायला तिने जुन्या पोस्टकार्डात एक लांबट खिडकी कापली होती. ती यादीवर ठेवली की एकच ओळ दिसायची. ओळ बघायची, ताटावर काचेवर लिहायच्या मेणाच्या पेन्सिलीने लिहायची, पुन्हा ओळीशी ताडून बघायची, मगच यंत्र चालू करायचं. झालेलं ताट पालथं.

आणि पांढरं आलं की यंत्र बंद. मांडणीकडे बघून ती भांड्यांची नावं घ्यायची, मोठ्याने, तिच्या गावच्या शब्दांत: "कळशी. गंज. तपेली. परात. वगराळं. झारा." मांडणीच्या शेवटच्या फळीपर्यंत पोचेस्तोवर तिचे डोळे परत आलेले असायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, माल मोजतेय.

"अरे, चार दिन में चालीस थाली," गुणवंतभाई कुरकुरायचे. "ताटाला मालिश करते काय तू?"

"चाळीसातलं एक चुकलेलं दाखवा, भाई."

ते दाखवू शकले नाहीत. एकसष्टाव्या ताटापर्यंत कुणीच दाखवू शकलं नसतं.

बासष्टावं ताट त्यांच्याच घरचं होतं. यादीत मी ते दोन ओळींत लिहिलं होतं: 'कालकथित गिरिजाबाई मगरे यांच्या स्मरणार्थ', आणि खाली 'खंडू मगरे यांच्याकडून'. गिरिजाबाई ही त्यांची आई. गेलेल्या माणसाच्या नावाआधी तिच्या समाजात 'कालकथित' लावतात.

त्या दिवशी सकाळी निशावहिनी कपडे वाळत घालता घालता सहज म्हणाल्या होत्या, "गुरुवारी आम्ही गावाकडं चाललो. माझ्या भावाचं लगीन. पंधरा दिवस." वैजयंताने 'बरं' म्हटलं आणि दुकानात आली. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की बारा वाजता ती फार सरळ बसली होती. दुकानात लग्नाच्या खरेदीची गर्दी होती, मांडणीसमोर माणसं उभी होती. तिने 'कालकथित' घातलं. कुणाचा तरी धक्का लागला, कार्ड हललं. तिने ते पुन्हा यादीवर ठेवलं, ओळ पाहिली, पेन्सिलीने न लिहिताच नाव घातलं, शेवटचे दोन शब्द घातले आणि ताट पालथं करायला उचललं. मग ते तसंच हातात राहिलं.

मी वाकून वाचलं. 'कालकथित खंडू मगरे यांच्या स्मरणार्थ.'

अक्षर अतिशय सुंदर आलं होतं.

तिने यंत्राची पिन काढली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ती मांडणीकडे वळली, पण तिच्या तोंडून नाव फुटेना. "कळ..." म्हणाली आणि थांबली. मग पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून ती हातात धरून बसली. दुकानाबाहेरचं उघडं गटार तिच्या पायापासून दोन हातांवर होतं. त्या मिनिटात काय होऊ शकलं असतं ते तिला माहीत होतं, आणि तिने सांगितलेलं असल्यामुळे मलाही.

गुणवंतभाईंनी ताट पाहिलं. "हे भगवान. जिंदा आदमी..." 

"पॉलिशवाल्याच्या गाळ्यात पाठवून देऊ," मी म्हणाले. "घासून निघेल. कुणाला कळणारपण नाही."

बराच वेळ ती पट्टीकडे बघत होती. मग पट्टी पर्समध्ये परत गेली. ती म्हणाली, "मला कळलंय न्हवं. घासायच्या आधी दादाला दाखवणार. लपवलं तर मी रोज त्याच्याकडं बघून घाबरीन. मग रोज चुकीन." थोड्या वेळाने म्हणाली, "तू चल. बोलू नको काही. नुसती चल."

आम्ही गेलो तेव्हा खंडूदादा नुकतेच पाळी संपवून आले होते, पायरीवर बसून पाय धूत होते. निशावहिनी आत पिशव्या भरत होत्या. वैजयंताने ताट वर्तमानपत्रातून काढलं आणि भावाच्या मांडीवर ठेवलं.

खंडूदादांनी ते लांब धरून वाचलं. पुन्हा वाचलं. "कधी गेलो मी?"

"आज. बारा वाजता."

"बारा वाजता तर मी मुर्ध्याची लाईन सोडत होतो. बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. त्यांना इचार. मेलेला माणूस एवढ्या शिव्या खातो होय?"

निशावहिनी बाहेर आल्या. ताट त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "आमच्या घरात राहायचं, आमच्या ताटात जेवायचं, आणि आमच्याच माणसाला... अहो, मी सांगत न्हवते का तुम्हाला? हिच्या मनात काय हाय ते आलं ना बाहेर!"

"निशे, गप. चूक झाली तिची."

"असली चूक होती व्हय कुणाची?"

मी वैजयंताकडे पाहिलं. तिची मान ताठ झाली होती, डोळे वहिनीच्या खांद्यापलीकडे कुठेतरी गेले होते. पांढरं येतंय हे मलाही ओळखू येऊ लागलं होतं. इथे समोर मांडणी नव्हती. तिने खाली वाकून ओली फरशी तळव्याने चाचपली, दोनदा, तीनदा, जसं आंधळं माणूस उंबरा शोधतं. मग ती तिथेच, भावाच्या पायांशी, खाली बसली आणि बोलायला लागली. हळू. शब्दाशब्दात अंतर ठेवून.

"वहिनी, मनात होतं. पण तुम्ही म्हणता ते न्हाई. सकाळी तुम्ही सांगितलं जाणार म्हणून. मला वाटलं, गेले. आता येत न्हाईत. माझ्या डोक्याला गेलं म्हणजे मेलंच वाटतं. मध्ये काही नसतंच. मला भीती वाटली की डोकं बंद होतं, हात चालू राहतो. हातानं तेच घातलं."

खंडूदादांच्या पायावरचं पाणी वाळत होतं.

"गोळी सोडलेली न्हाई," ती म्हणाली. "आज वाटलं सोडावी. न्हाई सोडली. हवी तर पट्टी मोजा."

निशावहिनींनी पदराने तोंड पुसलं. त्या मऊ झाल्या असं मी लिहिणार नाही. कोरड्याच आवाजात म्हणाल्या, "आम्ही जाणार हे नक्की हाय. माझ्या सख्ख्या भावाचं लगीन हाय. तुझ्यासाठी मी थांबायची न्हाई."

"थांबू नका. मी घाबरीन. पण तुम्ही जा."

ही दोन वाक्यं मी त्यानंतर कित्येकदा मनाशी म्हणून पाहिली आहेत. ज्या माणसाला दुसऱ्याचं दाराबाहेर जाणं हे मरण वाटतं, त्याने ती बोलायची म्हणजे काय, हे मला त्या क्षणी पुरतं कळलंही नसेल.  मी एम.ए.ला असताना शौर्यावरची पुष्कळ वर्णनं वाचली. त्यांतलं कुठलंही इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

"हे ताट घासू नको," खंडूदादा मध्येच म्हणाले. "मी यातच जेवतो. जगात असं ताट कुणाकडं हाय?"

"अहो!" निशावहिनी ओरडल्या, आणि त्यांनी ताट ओढून वर्तमानपत्रात गुंडाळून वैजयंताच्या हातात कोंबलं. "उद्याच्या उद्या पॉलिश करून आण. आणि सासूबाईंचं नाव नीट घाल."

गुरुवारी ते गेले. त्या पंधरा दिवसांत वैजयंता एकटी राहिली. चांगली राहिली असं नाही. दोन दिवस ती दुकानात आलीच नाही, तिसऱ्या दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी आली आणि म्हणाली, "आज फक्त पुसणार." एकदा यंत्र बंद करून तिने मांडणीवरच्या भांड्यांची नावं तीनदा घेतली. बुधवारी डॉक्टरीणबाईंकडे ताटाची गोष्ट सांगितली, तर बाई हसल्या आणि मग, तिच्या सांगण्याप्रमाणे, चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या. बाई म्हणाल्या, धुकं आणखी कमी होईल, पण कधी, ते मी सांगू शकत नाही; कदाचित थोडं राहीलही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. राहीलही, म्हणाल्या." तिने कार्ड पुढच्या ओळीवर सरकवलं.

एकशे एकावं ताट पौर्णिमेच्या आदल्या दुपारी झालं. आत्मारामबाबांनी विहारात सतरंजीवर बसून एकेक ताट उजेडात तिरपं धरून वाचलं. एकाही ठिकाणी त्यांचं बोट थांबलं नाही. गिरिजाबाईंच्या ताटावर पॉलिशमुळे बाकीच्यांपेक्षा जास्त चकाकी आली होती, तेवढंच. गावाहून त्याच सकाळी परतलेल्या निशावहिनी बायकांच्या घोळक्यात होत्या. त्यांनी ते ताट हातात घेतलं, वाचलं, चळतीत ठेवलं. मग लाडूंची पुडी वैजयंताच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "लग्नातले हायत. मऊ पडलेत."

पौर्णिमेनंतरच्या सोमवारी मी दुकानावरून जात होते. दहा वाजले होते आणि वैजयंताची जागा रिकामी होती. मला धास्ती वाटली. मी थांबून राहिले. ती अकराच्या सुमारास आली, चपला काढल्या, पण स्टुलावर बसली नाही. गल्ल्याशी जाऊन उभी राहिली. दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती.

"भाई, यापुढं मी अकराला येणार. सातपर्यंत बसणार, जेवायला अर्धाच तास. पण सकाळी न्हाई."

"क्यों? दस बजे क्या तकलीफ है?"

"सकाळी डोकं जड असतं. डोक्याच्या आजाराची गोळी चालू हाय माझी."

गिऱ्हाइकांतल्या एका बाईने वळून पाहिलं. वैजयंतानेही तिच्याकडे पाहिलं, नजर काढली नाही.

गुणवंतभाईंनी वही मिटली, उघडली. "कब तक चलेगी ये गोली?"

"माहीत न्हाई. चालूच राहणार."

"अकरा म्हणजे अकरा," ते अखेर म्हणाले. "सव्वाअकरा नाय."

"अकरा," वैजयंता म्हणाली, आणि त्या वळून पाहणाऱ्या बाईच्या हातातला डबा घेऊन तिने विचारलं, "काय नाव घालायचं, मावशी?"